एस्प्रेसोचं ब्लेंड : तीन दाणे, पाच वाट्या आणि एक घोटाळा

नळस्टॉप | रविवार, दुपारी १२:१०

दोन महिन्यांपूर्वी घरी एस्प्रेसोचं मशीन आलं (बायको त्याला 'दुसरा गीझर' म्हणते). तेव्हापासून पाकिटांवरचं 'डार्क चॉकलेट, ऑरेंज पील, कॅरॅमल' वाचत वाचत पितोय आणि कपात दरवेळी कॉफीच सापडतेय. ब्लेंड म्हणजे मिश्रण एवढं कळतं. पण त्यातला कुठला दाणा काय काम करतो, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही. म्हटलं, सुटे दाणे आणू, आधी एकेक पिऊन बघू, मग आपणच मिसळू.

एकाच माणसाकडून एकाच दिवशी भाजलेली तीन पाकिटं आणली: चिकमगळूरची वॉश्ड (गर पाण्याने धुऊन काढून मग वाळवलेली) अरेबिका (एस. ७९५ हे वाण), मॉन्सून्ड मलबार आणि वॉश्ड रोबस्टा, म्हणजे 'कापी रॉयल' या नावाने मिळते ती. (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती.) दहा दिवस हात लावला नाही. ताज्या भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड इतका असतो की कपात नुसता फेस येतो. तुलना न्याय्य व्हावी म्हणून माप सगळ्यांना एकच ठेवलं: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, पाणी ९३ अंश, दळणाचा आकडाही तोच. कपांचे आकार वेगवेगळे होते, म्हणून स्टीलच्या पाच सारख्या वाट्या घेतल्या.

वहीत लिहिलेलं तसंच उतरवतो.

अरेबिका: पहिला घोट आंबट, पण गोडाला धरून. मग गूळ. गिळल्यावर भाजलेल्या शेंगदाण्याची साल. अंगाने हलकी.

रोबस्टा: रबराची चव येईल अशी भीती होती, तसलं काही नाही. दाट, कडू, खमंग. सातूचं पीठ भाजताना येतो तो वास. फेस एवढा की चमच्याने बाजूला सारला तरी परत जागेवर येतो.

मॉन्सून्ड मलबार: निराशा. पातळ, आंबट, मागे ओल्या गोणपाटाचा वास. एवढं नाव ऐकलं होतं.

मग दोन मिश्रणं. चौथ्या वाटीत अरेबिका ७०, मॉन्सून्ड ३०. पाचवीत अरेबिका ६०, मॉन्सून्ड २५, रोबस्टा १५. पाचवी सरळसरळ जिंकली. आंबटपणा मागे सरकला, गुळाची चव पुढे आली, आणि घोट गेल्यावरही तोंडात काहीतरी उरलं.

आता प्रश्न. हे खरं आहे, की मीच मिसळलंय म्हणून मला आवडतंय? आणि मॉन्सून्डचं एवढं कौतुक कशासाठी करतात?

---

शंकासुर | रविवार, १२:३४

प्रश्नातच उत्तर आहे. स्वतः केलेली भाजी प्रत्येकाला चांगलीच लागते.

रच्याकने, रोबस्टा स्वस्त असते म्हणून घालतात ना? भेसळीला ब्लेंड म्हटलं की भाव दुप्पट घेता येतो.

---

बाबाबुदन | रविवार, १:०५

मॉन्सून्ड मलबार आंबट? थांबा थांबा. दाण्याला नावं ठेवण्याआधी घड्याळ बघा. ती वाटी किती सेकंदांत भरली?

मी बंगळुरात असतो, कामानिमित्त मळ्यांवर आणि मंगळुरूच्या गोदामांत जाणं होतं. मॉन्सूनिंगमध्ये काय करतात ते सांगतो, म्हणजे माझी शंका लक्षात येईल. जूनपासून पावसाळाभर कोरडे कच्चे दाणे बाजूंनी उघड्या असलेल्या गोदामात जमिनीवर पसरतात, अधूनमधून दंताळ्याने वरखाली करतात. समुद्रावरून येणारा दमट वारा त्यांत शिरतो. पुढे सैल भरलेल्या पोत्यांच्या ओळी लावतात, वारा खेळावा म्हणून मध्ये फट सोडून. हे सगळं मिळून १२ ते १६ आठवडे. दाणा फुगतो, हिरव्याचा फिकट सोनेरी होतो आणि त्यातला आंबटपणा जवळपास निघून जातो. शिडाच्या जहाजांच्या काळात आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाताना कॉफीचं आपोआप हेच व्हायचं. प्रवास जलद झाला तशी तिकडच्या गिऱ्हाइकांची तक्रार आली की पूर्वीची चव कुठे गेली, म्हणून मग तो प्रकार मुद्दाम करायला लागले.

म्हणजे ज्या दाण्यातला आंबटपणा तीन-चार महिने खर्चून काढलाय, तो तुम्हाला आंबट लागतोय. हा दाणा फुगीर आणि हलका असतो, दळला की वेगळा फुटतो. अरेबिकासाठी लावलेला आकडा त्याला चालेलच असं नाही. मला वाटतं पाणी धावत बाहेर आलं.

---

नळस्टॉप | रविवार, १:२२

वही उघडली. अरेबिका २८ सेकंद, रोबस्टा ३१, मॉन्सून्ड १९. लिहिलं होतं आणि बघितलं नव्हतं. कपाळावर हात.

---

रसायनी | रविवार, २:४०

१९ सेकंदांत पूड नीट उतरलीच नाही. आधी आम्लं आणि क्षार सुटतात, गोडी त्यांच्या मागून, कडू आणि तुरट घटक सगळ्यात शेवटी. मध्येच थांबलात की आंबट आणि पातळ, जास्त ताणलंत की कडू आणि तुरट. 'सगळ्यांना दळणाचा आकडा एकच' हे न्याय्य वाटतं, पण तो न्याय ग्राइंडरला मिळाला, दाण्याला नाही. प्रत्येक दाणा आपापल्या चांगल्यात चांगल्या दळणावर आणा आणि मग तुलना करा. मिश्रणाला तिसराच आकडा लागेल, तो वेगळा शोधा.

शंकासुर, रोबस्टा स्वस्त असते हे खरं आणि स्वस्त मिश्रणांत त्याच कारणाने घालतात हेही खरं. पण एस्प्रेसोत तिला कामही आहे. फेस जास्त टिकतो, दाटपणा येतो, कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. शिवाय दुधात अरेबिका बऱ्याचदा हरवते, रोबस्टा हरवत नाही. हिंगाची एक चिमूट फोडणीत आणि एक चमचा फोडणीत, एवढाच काय तो फरक.

---

काकवी | रविवार, ४:१५

मला इथे वेगळंच बोलायचंय. 'आंबट' हा एकच शब्द लिहून पुढे गेलात, तिथे माझं वाचन अडलं. लिंबाचं आंबट वेगळं, चिंचेचं वेगळं, आमसुलाचं वेगळं, आंबलेल्या ताकाचं तर फारच वेगळं. आपल्या घरात एवढ्या आंबट वस्तू असताना कॉफीला एकच आंबट?

कॉफीतल्या चवींची नावं गोलात मांडलेलं ते रंगीत चक्र मीही भिंतीवर लावलं होतं. १९९५ साली केलेलं, २०१६ मध्ये सुधारलेलं. त्यातली ब्लॅकबेरी मी आयुष्यात दोनदा खाल्लीय, ती कॉफीत कशी ओळखू? शेवटी चक्र काढलं आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून यादी केली. आता माझ्या वहीत असं असतं: कच्ची कैरी, आमसूल, पिकलं जांभूळ, काळ्या मनुका, खारीक, काकवी (नाव उगाच नाही घेतलं), भाजलेलं सुकं खोबरं, सुपारीचा तुरटपणा, पुरणाची खाली लागलेली कड, ओलं गोणपाट, खवट दाणा. यांतलं काहीही जिभेवर आलं की लगेच ओळखता येतं.

आणखी एक. कडू आणि आंबट यांत पुष्कळ जणांची गल्लत होते, माझीही व्हायची. एका पेल्यात लिंबूसत्त्वाचे चार कण, दुसऱ्यात मेथीदाणे भिजवलेलं पाणी, तिसऱ्यात थंड झालेला कोरा चहा. आळीपाळीने घोट घ्या. आंबटाने जिभेच्या कडांना पाणी सुटतं, कडू मागे घशाशी बसतं, आणि तुरट ही चवच नव्हे, तो कोरडेपणा आहे, गाल आत ओढल्यासारखे होतात.

---

रसायनी | रविवार, ४:५०

काकवीताई, +१. जीभ जे वेगळं सांगते ते वेगळंच असतं. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक, आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक. कॉफीत सायट्रिक असतं, हिरव्या सफरचंदातलं मॅलिक असतं, थोडं व्हिनेगरवालं अॅसेटिकही. कॉफी तासभर तापत ठेवली की जी बिघडलेली चव येते तिच्यात क्विनिक आम्लाचा हात असतो.

---

कपबशी | रविवार, रात्री ९:००

तुम्ही मुलं जे काल शोधलंत ते माटुंग्याला आम्ही १९७० पासून करतो आहोत. दुकानात गेलं की 'प्लँटेशन अर्धी, पीबेरी अर्धी, चिकोरी वीस टक्के' असं सांगायचं (प्लँटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, पीबेरी म्हणजे फळात एकच गोल दाणा धरतो तो), समोर दळून घ्यायचं आणि गरम पुडी छातीशी धरून घरी यायचं. जिना चढेपर्यंत शेजाऱ्यांना कळायचं. हेही ब्लेंडच की. आमच्या सौ.ना पीबेरी जास्त लागायची, मला चिकोरी जास्त. तीस वर्षं भांडलो.

अवांतर: चिकोरी ही कॉफीच नव्हे, मूळ आहे, भाजून दळलेलं. आपल्याकडे गुजरातेत पिकतं. तिच्यात कॅफिन नाही, नुसता रंग, दाटपणा आणि करपट गोडी. तुमच्या रोबस्टाचंच काम, दुसऱ्या हाताने.

---

तोरीनोकर | सोमवार, पहाटे २:३०

इथे इटलीत, तोरीनोत येऊन सहा वर्षं झाली. 'ब्लेंडमध्ये काय काय आहे' हा प्रश्न मी सुरुवातीला बारमध्ये विचारायचो. काउंटरमागचा माणूस असा बघायचा, जणू मी खानावळीत गोड्या मसाल्याचं प्रमाण विचारलंय. इथे कॉफी म्हणजे एस्प्रेसो आणि एस्प्रेसो म्हणजे मिश्रण. उभ्याने, दोन-तीन घोटांत, की निघाले. ढोबळ मानाने उत्तरेत अरेबिका जास्त आणि भाजणी मध्यम, नेपल्सकडे उतरावं तसा रोबस्टा वाढतो आणि भाजणी काळी होते. नेपल्सला कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, तो आधी प्यायचा. नंतर प्यायलात तर कॉफी आवडली नाही असा अर्थ निघू शकतो. मी पहिल्या दिवशी नंतर प्यायलो.

शंकासुरांच्या भेसळीबद्दल. मिश्रणाचं मोठं कारण पैसा आहेच, पण दुसरं म्हणजे बारमाही तीच चव. कॉफी हे पीक आहे, दरवर्षी बदलतं. एक मळा बिघडला तर दुसऱ्याने भरून काढायचं. आणि गंमत म्हणजे वर्षानुवर्षं भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. तुमची धुतलेली रोबस्टा इथल्या मिश्रणांत जाते, फक्त पाकिटावर तिचं नाव येत नाही.

फेसाचा विषय निघालाय म्हणून. याच गावात १८८४ साली मोरिओन्दोने वाफेवर कॉफी करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, १९०१ मध्ये मिलानच्या बेझ्झेराने एकेक कप काढणारं यंत्र आणलं. पण त्या कॉफीवर आजच्यासारखा फेस नव्हता, वाफेचा दाब पुरायचा नाही. फेस आला तो गाज्जियामुळे. त्याचं पेटंट १९३८ चं, दांडा ओढून स्प्रिंगने दाब देणारी यंत्रं युद्धानंतरची. आज ९ बार (हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट) दाब आपण गृहीत धरतो, पण एस्प्रेसोच्या पहिल्या पिढ्यांनी फेस बघितलाच नव्हता.

---

शंकासुर | सोमवार, सकाळी १०:१५

इतिहास छान. पण माझा मुद्दा कुणी खोडला नाही. डोळे बांधा आणि ओळखून दाखवा. पाचवी वाटी कुठली हे माहीत असताना 'पाचवी जिंकली' म्हणण्यात काय अर्थ?

---

रसायनी | सोमवार, १०:४०

हे मात्र बरोबर. तीन वाट्यांची चाचणी करा: दोन वाट्यांत एक मिश्रण, तिसरीत दुसरं. 'कुठली चांगली' असं विचारायचं नाही, 'कुठली वेगळी' एवढंच. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा बरोबर येतं. सहा फेऱ्यांत दोनदा बरोबर आलं तर ते काहीच नाही.

दुसरं म्हणजे मिश्रणाचे दाणे पाकिटात एकत्र करून मापू नका. १८ ग्रॅममध्ये भाजलेले दाणे साधारण सव्वाशे-दीडशे. १५ टक्के रोबस्टा म्हणजे त्यांतले वीसेक. चमचा घातला की कधी पंधरा येतील, कधी पंचवीस. प्रत्येक वेळी तीन ढीग वेगळे मापून मग एकत्र दळा.

---

नळस्टॉप | पुढचा रविवार, रात्री ८:५०

आठवडा गेला, पाऊण किलो दाणे गेले. सविस्तर लिहितो.

आधी मॉन्सून्डची माफी. दळण चार आकडे बारीक केल्यावर २७ सेकंदांवर आली आणि वाटीत दुसरीच कॉफी. आंबट औषधालाही नाही. दाट, जवळजवळ तुपकट. चव... काकवीताईंची यादी समोर ठेवली होती, त्यातलं भाजलेलं सुकं खोबरं आणि खारीक. गोणपाटाचा वास थोडा राहिलाच, पण आता तो पहिल्या पावसानंतर जुन्या लाकडी कपाटाला येतो तसा, नको वाटत नाही. एकटी मात्र दुसऱ्या घोटाला कंटाळवाणी. तिला कुणीतरी आंबट सोबत हवं. अरेबिकाचा आंबटपणा, लक्ष देऊन प्यायल्यावर, आमसुलाचा नाही, पिकल्या जांभळाचा आहे.

आता आंधळी चाचणी. परीक्षक बायको. पहिल्याच फेरीत लोच्या: एक वाटी नुकतीच काढलेली, बाकीच्या दोन्ही तीन मिनिटांपूर्वीच्या, मी वेगळी वाटी हाताला चटका बसून ओळखली. ती फेरी रद्द. मग तिनेच युक्ती काढली. परातीत कोमट पाणी घेतलं आणि तिन्ही वाट्या त्यात पाच मिनिटं ठेवल्या, सगळ्या सारख्या होईपर्यंत. रोबस्टावालीचा फेस जाड दिसतो, म्हणून चमच्याने वरचा फेस काढून टाकला आणि ढवळलं. (ढवळणं एरवीही करावं. एस्प्रेसो थरांत उतरते, खालचा दाट आणि वरचा पातळ थर यांत केवढा फरक आहे ते एकदा न ढवळता प्यायल्यावर कळलं.) आणि गिळायचं नाही, बेसिनमध्ये थुंकायचं. आई म्हणाली, कॉफी पितोयस की चूळ भरतोयस.

पहिली जोडी, दोन दिवसांत सहा फेऱ्या: ७०-३० बिनरोबस्टाचं विरुद्ध ६०-२५-१५. सहापैकी पाच बरोबर.

दुसरी जोडी, हीच माझी 'खास' तुलना: रोबस्टा १५ टक्के विरुद्ध १० टक्के. यावर मी मागच्या आठवड्यात वहीत पानभर लिहिलं होतं, 'दहाला पोकळ वाटते, पंधराला भरीव' वगैरे. सहापैकी दोन. ते पान फाडलं.

---

रसायनी | रविवार, ९:२०

नुसत्या अंदाजाने सहापैकी पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, दोन टक्क्यांहून कमी. पहिली जोडी तुम्हाला खरंच कळते. दुसरी कळत नाही, निदान अजून तरी. पान फाडायला नको होतं, तेच सगळ्यात उपयोगी होतं.

---

शंकासुर | रविवार, ९:३१

पाचाला सलाम. दोनावर समाधानी आहे.

---

काकवी | रविवार, ९:४५

'पहिल्या पावसानंतर जुनं लाकडी कपाट' माझ्या यादीत जातंय. मी मोका पॉटवर (गॅसवर ठेवायची कॉफीची किटली) करते, मशीन नाही. त्यात दाब एक-दीड बारच्या आसपास, म्हणजे ही एस्प्रेसो नव्हे हे आधीच मान्य, कुणी सुधारायला येऊ नका. तुमचं ६०-२५-१५ करून बघितलं, रोबस्टा फारच पुढे आली. तीन वेळा केलं तेव्हा आमच्याकडे रोबस्टा पाच टक्क्यांवर जमलं. बोअरिंगच्या पाण्याने केलं तर अरेबिकाचं जांभूळ पार गायब, सगळी खडूसारखी सपाट. फिल्टरचं आणि नळाचं अर्धं अर्धं मिसळल्यावर परत आलं.

---

बाबाबुदन | रविवार, १०:१०

जड पाण्यातला बायकार्बोनेट आम्ल मारतो. नुसत्या आरओच्या पाण्यातही कॉफी बेचव होते, थोडे क्षार लागतातच. अर्धं-अर्धं अगदी बरोबर.

नळस्टॉप, दुधात करून बघितलंत का?

---

नळस्टॉप | रविवार, १०:३५

तेच लिहायचं राहिलं. चव बघणारी बायको आणि आई, मी फक्त वाढलं. एका कपात ३६ ग्रॅम कॉफी, १२० मिली दूध, ६० अंशांच्या आसपास तापवलेलं, साखर नाही. ७०-३० बिनरोबस्टाची: दोघींनी 'दूध चांगलं आहे' म्हटलं. ६०-२५-१५: 'बरी आहे.' मग हट्टाने ४०-२०-४० केली, जी कोरी पिताना मला मेथीच्या काढ्यासारखी लागली होती. दोघींचे कप रिकामे. दुधाच्या गोडीत ती कडवटपणा सोडून भाजलेल्या खोबऱ्यासारखी लागते, मी नंतर घोट घेऊन बघितला.

तर आता घरात दोन बरण्या आहेत. माझी ७०-२०-१०, त्यांची ४०-२०-४०. आणि आईने कपबशीकाकांचा प्रतिसाद वाचलाय. विचारतेय, या गीझरमध्ये चिकोरी चालते का.

---

कपबशी | रविवार, १०:५०

दहा टक्क्यांच्या वर नको, जाळी चोंदेल. आईंना नमस्कार सांग.